कोऱ्या भिंतीचे सौजन्य

मौलाली शिकलगार सरांची सकाळ भिंतीपासून सुरू होत असे. पहाटेची नमाज झाली आणि बायकोने, बिबीजानने, हातात दिलेला चहा उभ्याउभ्याच संपला, की ते खांद्यावर टॉवेल टाकून, एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात जुन्या बनियनचे फडके घेऊन फाटकाबाहेर येत. फाटकापासून गल्लीच्या वळणापर्यंत गेलेली आपल्या कुंपणाची भिंत ते डावीकडून उजवीकडे, एखादा मजकूर वाचावा तशी वाचत जात. वास्तविक तिच्यावर वाचण्यासारखे काहीही नव्हते, आणि ते तसे नाही एवढेच पाहायला ते जात. रात्रीतून कुणाच्या सायकलचे हँडल घासलेले असले, कुणी माव्याची पिचकारी मारलेली असली, तर तेवढी जागा पुसून काढत. मग रस्ता ओलांडून धोंडुबाईंच्या गोठ्यापाशी उभे राहत, मान किंचित तिरकी करून भिंतीकडे पाहत, आणि शाळेच्या तयारीला लागत.

कोल्हापुरात गंगावेशीच्या अंगाला असलेल्या त्या गल्लीत एवढी एकच भिंत कोरी होती. इतर भिंतींवर शिकवणीचे वर्ग, मूळव्याधीवरचे खात्रीशीर उपाय, कुस्तीची मैदाने आणि होऊन गेलेल्या निवडणुकांची चिन्हे एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. सर हायस्कुलात चित्रकला शिकवत. कागदावर कुठे काय काढावे हे कुणालाही शिकवता येते, कुठे काही काढू नये हे शिकायला आयुष्य जाते, असे ते नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगत. आणि वही कोरी दिली तरी चालते, असा त्याचा अर्थ नववीचा वर्ग दरवर्षी काढत असे. स्वतः सरांनी मात्र ते तत्त्व भिंतीपुरते निष्ठेने पाळले होते. रंगाचे डबे घेऊन आलेले सर्व पक्षांचे कार्यकर्ते त्यांनी चहा पाजून परत पाठवले होते. ‘येथे जाहिराती लावू नयेत’ एवढे तरी रंगवून घ्या, असे शेजाऱ्यांनी सुचवले, तेव्हा तीही भिंतीवरची अक्षरेच होतील, या कारणाने त्यांनी ती सूचना नाकारली होती.

समोरच्या धोंडुबाईंचा या कोरेपणावर फारसा विश्वास नव्हता. त्यांच्या परड्यात अपार्टमेंट उभे राहिल्यापासून म्हशी कशाबशा गोठ्यात मावत होत्या, पण शेणी, म्हणजे गोवऱ्या, लावायला जागा उरली नव्हती. शेणाचे घमेले डोक्यावर घेऊन त्यांना रोज नदीकडच्या मोकळ्या जागेपर्यंत जावे लागे.

“मास्तर, दिवसभर ऊन खाती तुमची भिंत,” त्या जातायेता म्हणत. “दोन वळी लावू द्या की.”

“मावशी, भिंत खराब होते.”

“व्हय. आणि कोरी ठिवून तिचं लगीन लावायचं हाय न्हवं तुमास्नी.”

सर हसून घरात जात. भिंत कोरी राही.

अशा या घरात, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने, इरमने, वडिलांच्या रक्तदाबाच्या काळजीने एक मनगटी पट्टा पाठवला. तो नाडी मोजत असे, पावले मोजत असे, आणि त्याच्यावर नखाएवढी जाड, पण खेळातल्या पत्त्याएवढी उलगडणारी एक काच होती. मनगट डोळ्यांसमोर धरून त्या काचेतून पाहिले, की समोरच्या जगावर आणखी एक जग चढलेले दिसे. सरांनी पहिल्यांदा कडुनिंबाकडे पाहिले. झाडाच्या बुंध्याशी ‘कडुनिंब’ अशी अक्षरे तरंगू लागली. धोंडुबाईंच्या मैनाकडे पाहिले, तर तिच्या शिंगांच्या वर ‘म्हैस’ असे उमटले. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट यंत्रालाही ठाऊक आहे, याचे माणसाला का कौतुक वाटावे हे सांगता येत नाही. पण सरांना ते वाटले. त्याच कौतुकाच्या भरात त्यांनी मनगट भिंतीकडे वळवले.

भिंत भरलेली होती.

मधोमध, पुरुषभर उंचीचा, गॉगल लावलेला आदर्श उभा होता. गल्लीतल्या तालमीचा हा तरुण अध्यक्ष भिंतीतून बाहेर पडून सरांना नमस्कार करत होता. डोक्यावर ‘भावी नगरसेवक’, छातीवर येत्या वाढदिवसाची तारीख, पायाशी ‘विषय हार्ड’, आणि दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या ओळी. त्याच्या एका खांद्याआड दाताच्या दवाखान्याची हसणारी कवळी होती, दुसऱ्या खांद्याआड स्पर्धा परीक्षांचे वर्ग, आणि वर कुठल्याशा खाणावळीचा वाफाळता तांबडा-पांढरा रस्सा. शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीत एक ओळखीचा चेहरा होता. तो सरांचाच होता; गणपतीची आरास रंगवताना कुणीतरी काढलेला, नाकाला पिवळा रंग लागलेला. आणि सगळ्यांच्या खाली, ठळक, सोनेरी अक्षरांत: ‘जागा सौजन्य – मौलाली शिकलगार सर’.

सरांनी हात खाली घेतला. भिंत कोरी होती. हात वर केला. भिंत भरलेली होती. हा प्रयोग त्यांनी किती वेळा केला याचा त्यांनाच पत्ता राहिला नाही. टॉवेल खांद्यावरून घसरून बादलीत गेला, आणि मनगटावरचा पट्टा थरथरून म्हणाला की आपण उत्तम व्यायाम करत आहात, असेच चालू ठेवा.

बिबीजानने काचेतून पाहिले. बराच वेळ पाहिले.

“फोटो चांगला आलाय की तुमचा,” ती म्हणाली. “नाक तेवढं पुसायला पायजे होतं.”

गल्लीत फलकांची हौस पूर्वीपासूनच होती. पण शहरातल्या फलकांवर कारवाई झाली आणि चौक उघडे पडले, तेव्हा आदर्शने काळाची पावले ओळखून फलक अशा पट्ट्यांतून दाखवणारी एक कंपनी गाठली, तिच्याकडून पट्टे मिळवले आणि तालमीच्या वर्धापनदिनाला पोरांना वाटून टाकले. म्हणजे निम्मी गल्ली ही भिंत रोज अशीच पाहत होती. ज्या भिंतीसमोर उभे राहून सर समाधान पावत होते, तिच्यासमोर इतर लोक आदर्शला शुभेच्छा देत होते. हे लक्षात आल्यावर सरांना पुन्हा एकदा व्यायाम झाला.

ते तडक तालमीत गेले. आदर्श कट्ट्यावर बसून दूध पीत होता. सरांना पाहताच उठला, पाया पडला. तो त्यांचाच विद्यार्थी. वही कोरी देणाऱ्यांपैकी.

“आदर्श, माझ्या भिंतीवर तू बोर्ड लावलास.”

“हात तरी लावलाय का सर भिंतीला? बघा जाऊन. खिळा न्हाय, डिंक न्हाय. हवेत हाय त्यो.”

“मग त्यावर माझं नाव कशाला?”

“आता हवा कुणाच्या दारातली?” आदर्शने मिशीवरची साय पुसली. “तुमच्या. फुकट जागा वापरायची आणि नाव बी घालायचं न्हाय, असले संस्कार केलते का तुम्ही आमच्यावर?”



“ते काढून टाक,” सर म्हणाले.

“नाव? काढतो की. मग लोक म्हणणार, आदर्शनं सरांची भिंत ढापली. तुमाला चालंल? त्यापरीस असं करूया, फोटो मोठा करतो तुमचा. वरच्या ओळीत घेतो.”

सर परतले तेव्हा गल्लीला विषय कळलेला होता, आणि कोल्हापुरात विषय कळला की सल्ला मिळायला वेळ लागत नाही. निवृत्त तलाठी उदयसिंह यांच्या मते भिंतीची मोजणी आणून हवेची हद्द कायम करून घेणे हाच एक मार्ग होता. इस्त्रीवाल्या तानाबाईंचे म्हणणे, बघायचेच कशाला? पट्टा काढून ठेवला की बोर्ड गेला. हा सल्ला खरे तर सर्वांत शहाणपणाचा होता, आणि सरांनी तो अमलातही आणून पाहिला. पण आपल्याला दिसत नसताना लोक आपल्या दारात मनगटे वर करून उभे राहतात, मंद हसतात आणि निघून जातात, हे पाहणे त्यांना अधिकच असह्य झाले. आपल्या पाठीवर कुणीतरी काहीतरी लिहिले आहे आणि सगळा वर्ग ते वाचतो आहे, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला एकदा तरी येतो. तो रोज घेण्याची तयारी कुणाची नसते.

म्हणून सर पालिकेच्या विभागीय कार्यालयात गेले. अतिक्रमणाच्या टेबलावर अमरसिंह नावाचे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी आदराने खुर्ची दिली आणि अतिक्रमणाचा फोटो मागितला. सरांनी फोनवर काढलेला दाखवला.

“झकास भिंत हाय,” अमरसिंह म्हणाले. “कुठला चुना?”

“साहेब, तिच्यावर बोर्ड आहेत. ते या पट्ट्यातून दिसतात.”

अमरसिंहांनी पट्टा स्वतःच्या हातात चढवला, खोलीभर फिरवला, पंख्याच्या वर ‘पंखा’ असे वाचले आणि तो परत केला.

“सर, तुमचं अतिक्रमण मनगटावर हाय. भिंतीवर न्हाय. मनगट आमच्या हद्दीत येत न्हाय.”

“मग मी कुणाकडे जाऊ?”

अमरसिंहांनी अंगठ्याने शेजारचे टेबल दाखवले. तिथे जाहिरात कराचे काम चालत असे. तिथल्या बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“बोर्ड हाय म्हणताय?”

“आहेत.”

“मग परवाना दाखवा.”

“माझे नाहीत ते. म्हणजे तसे पाहिले तर ते तिथे नाहीतच.”

“न्हाईत, तर तक्रार कशाची? आणि हायत, तर विनापरवाना हायत. आणि सौजन्य म्हणून तुमचं नाव हाय, असं तुम्हीच सांगताय.” बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “बसा जरा. नोटीस कुणाच्या नावानं काढायची ते साहेबांना विचारून येती.”

तक्रारदार म्हणून आत गेलेले सर, आरोपी होऊन बाहेर पडण्याआधी, पाणी पिण्याच्या निमित्ताने उठले ते थेट घरी आले. चार ओळींचे एक पत्रही त्यांनी पट्ट्याच्या कंपनीला पाठवले. कंपनीचे उत्तर तत्परतेने आले. आपल्या भिंतीची ‘उत्कृष्ट पृष्ठभाग’ म्हणून निवड झाल्याबद्दल तिने सरांचे हार्दिक अभिनंदन केले होते.

रविवारी दुपारी सर अंघोळ करून बैठकीच्या खोलीत आले, तर तिथे चार पाहुणे बसले होते. घामाघूम झालेले, सभ्य, पेठ वडगावकडच्या बोलीचे. बिबीजान त्यांना पाणी देत होती. सरांना वाटले, तिच्या गडमुडशिंगीच्या माहेरचे कुणी असावेत. बिबीजानला वाटले, सरांच्या शाळेतले. आलेल्या माणसाला ‘आपण कोण’ असे विचारणे त्या घरात उद्धटपणाचे समजले जाई, म्हणून दोघांनीही विचारले नाही. रविवार असल्याने मटण शिजलेले होतेच. ताटे वाढली गेली. पाहुण्यांनी तांबडा रस्सा ओरपला, पांढऱ्याला वाटीवर वाटी मागितली, बिबीजानने ‘लाजू नका’ म्हणत भाकरी वाढली. सरांनी पावसापाण्याच्या चार गोष्टी केल्या. जेवण झाले, सुपारी झाली, आणि त्यांच्यातला ज्येष्ठ माणूस खिशात हात घालत म्हणाला,

“पावणं, बिल करा.”

सरांनी बिबीजानकडे पाहिले. बिबीजानने सरांकडे पाहिले. पुढचा काही काळ त्या खोलीत फक्त सरांच्या मनगटावरचा पट्टा बोलत होता. तो व्यायामाचे कौतुक करत होता.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. भिंतीवरच्या खाणावळीच्या जाहिरातीत एक मोठा बाण होता. खाणावळ गल्लीच्या वळणापलीकडे होती. बाण मात्र बरोबर सरांच्या फाटकावर येऊन टेकत होता. पाहुण्यांना कळल्यावर ते शरमेने उभेच राहिले, हात जोडले, पैसे घ्या म्हणून गळ घालू लागले. सरांनी ते घेतले नाहीत. जाताना त्यांच्यातल्या एकाने उपकाराची फेड म्हणून तसाच पट्टा बांधलेले मनगट वर करून भिंतीवर शेरा लिहिला: ‘घरगुती चव. माणसं देवमाणसं. पांढरा एक नंबर.’

त्या शेऱ्यामुळे दुसऱ्या रविवारी बारा जण आले.

बिबीजान एवढे दिवस या सगळ्याकडे थोड्या गमतीने पाहत होती. त्या दिवशी संध्याकाळी परातीतली भांडी घासून उठल्यावर ती म्हणाली, “तुमच्या भिंतीवर काय बी न्हाय म्हणत आयुष्य काढलं. आता तिच्यावर माझी खाणावळ निघाली. अवो, काय ते करा एकदाचं.”

सरांनी केले. रात्रभर चुना भिजवला, त्यात चिमूटभर नीळ टाकली, आणि सोमवारी शाळेला रजा टाकून भिंतीला स्वतःच्या हाताने दोन हात दिले. घाण पुसून टाकायची, ही एकच विद्या त्यांना येत होती. दुपारी भिंत दुधासारखी झाली. त्यांनी उन्हात उभे राहून, चुन्याने फाटलेल्या बोटांनी काच उलगडली.

आदर्शच्या गॉगलमध्ये आता आकाश दिसत होते. कवळीचा एकेक दात लखलखत होता. रश्शावरची तर्री जिवंत झाली होती. पूर्वी काहीशी अंधुक असलेली ‘मौलाली शिकलगार सर’ ही अक्षरे गल्लीच्या टोकावरूनही वाचता आली असती. कोपऱ्यात दोन नवे फलक दाखल झाले होते. सर जागच्या जागी, फुटपाथवर, चुन्याच्या बादलीशेजारी बसले. समोरून चाललेल्या आदर्शने गाडीचा वेग कमी केला.

“सर, एवढं कशाला केलंत?” तो खरोखरच गहिवरला होता. “माझ्या वाढदिवसासाठी सुट्टी टाकून रंगवलंत. आता नाद न्हाई करायचा कुणी.”

माणसाचा अपमान कृतज्ञतेने झाला, की त्याच्याकडे प्रत्युत्तर उरत नाही.

उन्हे कलली तशा धोंडुबाईंच्या म्हशी नदीवरून परत आल्या. मैनाच्या कुशीला काठचा चिखल लागला होता आणि तिला तिथेच खाज सुटली असावी. ती गोठ्याकडे वळण्याऐवजी सरळ भिंतीपाशी आली, अंग टेकवले, आणि ओल्या चुन्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळे अर्धवट मिटून, निवांत घासत गेली.

“हल्या, हल्या… मास्तर, अवो जनावर हाय ते,” म्हणत धोंडुबाई धावत आल्या. आता आपल्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, या समजुतीने त्यांनी पदर खोचला होता.

सरांनी सवयीने फडके उचलले. फडक्याचा हात डोळ्यांसमोरून गेला, काच उघडीच होती, आणि ते थबकले. जिथे चिखलाचा फराटा होता, तिथे काहीही नव्हते. फराट्याच्या वर आदर्शचे कपाळ आणि गॉगल होता, खाली त्याचे बूट होते. मधला आदर्श नाहीसा झाला होता. कवळी भिंतीच्या शेवटच्या पांढऱ्या कोपऱ्यात अंग चोरून लटपटत होती. चिखलाचा एक ओघळ खालपर्यंत आला होता, तिथे ‘सौजन्य’ उरले होते, ‘मौलाली’ गेले होते. पाहता पाहता खाणावळीचा बाणही विझला.

सरांनी हात खाली घेतला. भिंत घाण झाली होती. वर केला. भिंत जवळजवळ कोरी होती.

ते तसेच उभे राहिले. पेठेतल्या शेकडो भिंती सोडून हे सगळे आपल्याच दारी का जमले होते, हे त्यांना आत्ता कळत होते, आणि ते कळणे पहिल्या दिवशीच्या धक्क्याहून मोठे होते. त्या यंत्राला सबंध पेठेत एकच जागा हवी तशी सापडली होती. सपाट, स्वच्छ, पांढरी. तीस वर्षे रोज सकाळी बादली घेऊन त्यांनी तिची तयारी करून ठेवली होती.

“पुसू का मी?” धोंडुबाईंनी विचारले.

“नको,” सर म्हणाले. त्यांनी बादलीतले पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतले आणि घरात गेले. रात्री जेवताना बिबीजानने दोनदा विचारले, मग नाद सोडला. झोपण्याआधी त्यांनी पट्टा काढून खिडकीत ठेवला.

सकाळी नमाज झाल्यावर त्यांनी जुना सदरा घातला आणि रस्ता ओलांडून गोठ्यापाशी गेले.

“मावशी, आजचं शेण नदीला नेऊ नका.”

“मग काय करू?”

“भिंतीला लावू.”

धोंडुबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. “तब्येत बरी हाय न्हवं?”

“बरी आहे.”

“न्हाय, सांगती आपली. या शेणी मी होळीला स्मशानात देती. आमच्या म्हाताऱ्याच्या नावानं, दरसाल. गावातलं मयत जळाय लागतंय, पैसा न घेता. तुमच्या काय उपेगाच्या न्हाईत त्या, मास्तर. तुमास्नी माती लागती.”

“आज मला शेण लागतंय,” सर म्हणाले आणि त्यांनी घमेल्याला हात घातला.

पहिली शेणी त्यांनी डाव्या टोकाला, फाटकाशेजारी लावली. दोन पावले मागे सरकून, मान तिरकी करून पाहिली, आणि दुसरीसाठी अंतराचा अंदाज घेऊ लागले. धोंडुबाईंना ते बघवेना.

“चित्र न्हाय काढायचं, मास्तर. हात दाबा जरा. पातळ ऱ्हायली तर पडंल.”

सरांनी तळहात दाबला. पाच बोटे उमटली. आपल्या भिंतीवर आपण केलेली ही पहिली खूण, हे त्यांच्या मनात येऊन गेले. पण शेण वाळायच्या आत पुढची लावायची होती. शाळेची घंटा होईपर्यंत निम्मी भिंत भरली. आदर्श गाडीवरून आला, थांबला, मनगट वर केले, खाली केले, पुन्हा वर केले, आणि सरांच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहून निघून गेला. सरांना त्याची थोडी कीव आली. हा प्रयोग त्यांनीही केला होता.

त्या आठवड्यातच अमरसिंहांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“सर, तुमचे ते बोर्ड. आमच्या कार्यालयाची मागची भिंत परवाच रंगवून घेतली. तर पोरं म्हणत्यात सगळे इकडंच आलेत. ते घालवायला तुम्ही काय केलं होतं?”

“भिंतीवर आहेत का?” सरांनी मृदू आवाजात विचारले.

“न्हाय तसं. मनगटातनं दिसत्यात.”

“बरं,” सर म्हणाले, आणि अमरसिंहांच्या प्रकृतीची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

शेणी वाळल्या. धोंडुबाईंनी त्या खरवडून पोत्यात भरल्या, आणि दुपारभर भिंत पुन्हा उघडी पडली, गोल डागांनी भरलेली. त्या संध्याकाळी सर बराच वेळ फाटकात उभे होते. बिबीजान आतून बघत होती. कोपऱ्यात चुन्याची अर्धी पिशवी शिल्लक आहे, हे तिला ठाऊक होते, आणि सरांनाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा संपवून, खांद्यावर टॉवेल टाकून सर नेहमीप्रमाणे बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या हातात बादली नव्हती. घमेले होते.